धिंदळ्यांची सही

माझ्या नेमणूकपत्रावर माझं पद 'कनिष्ठ अंधार सहायक' असं छापलेलं आहे. वरिष्ठ अंधार सहायक जिल्ह्याच्या गावी बसतात. त्यांच्या केबिनमध्ये चार ट्यूबलाइट आहेत.

हे पद २०४१ साली निघालं. त्या वर्षी आमच्या डोंगरपट्ट्याला काळोख कायदा लागू झाला. जंगलाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत, पंधरा मे ते तीस जून, शोभेची रोषणाई बंद. कारण काजवे. ते याच दिवसांत चमकतात आणि आमच्याकडे लग्नंही याच दिवसांत लागतात. दोन्हीकडच्या मंडळींनी एकच मुहूर्त धरलेला. कायद्याने काजव्यांची बाजू घेतली.

माझे वडील हौशीराम धिंदळे लायटिंगवाले. 'म्हसोबा लायटिंग, माळेघर.' चाळीस गावांत त्यांच्या माळांशिवाय नवरदेव मांडवात शिरत नसे. आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाला सरकारने अंधार करायला नेमलं.

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी मी बाबांच्या गोडाऊनला सील ठोकलं. लाख वितळवायला काडेपेटी बाबांनीच दिली. काडी पेटवूनही त्यांनीच दिली, कारण मी दोन काड्या मोडल्या होत्या. सील नीट बसलं का ते त्यांनी वाकून पाहिलं, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद केलं.

बोलणं म्हणजे सरळ बोलणं. आईमार्फत चालू होतं.

"मंदे, तुझ्या अंधाराला विचार, आणखी एक भाकर घेणार का."

"अहो, तो समोरच बसलाय."

"असेल. मला कुठं दिसतोय?"

आता बाबांच्या सहीबद्दल सांगायला हवं. पूर्वी, चिपा यायच्या आधी, माळा पळवायला एक लाकडी रोळ फिरवत. रोळावर तांब्याच्या पट्ट्या, पट्टीला तार टेकली की दिवा लागणार. बाबांच्या रोळाची एक पट्टी झिजली होती. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या शेवटी माळ अडखळायची : दोनदा पटपट चमकायची, मग काहीतरी विसरल्यासारखी थांबायची, आणि मग एकदा लांब चमकायची. दुसऱ्या कुणी पट्टी बदलली असती. बाबांनी तिला सही म्हणायला सुरुवात केली. रोळ गेला, चिपवाले डबे आले, तरी अडखळ राहिली. दोन डोंगर पलीकडून लोक बोट दाखवायचे, "तो हौशीरामचा मांडव." मला लहानपणी त्याची लाज वाटायची. बाकीच्यांच्या माळा कशा सुरळीत पळायच्या. आमचीच शेवटाला ठेचकाळायची.

तर अशा घरात राहून मी अंधार करत होतो, आणि तिसऱ्या वर्षी आमच्याकडे डॉ. नाझनीन अत्तार आल्या.

अत्तार मॅडम साताऱ्याच्या. पंधरा वर्षं काजवे मोजत होत्या. एरवी सगळं ओरडून बोलायच्या, पण काजव्यांबद्दल बोलताना आवाज खाली यायचा. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक काजवा हातावर ठेवून शिकवलं.

"भाजतंय का?"

"नाही."

"नाहीच भाजणार. याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं एक द्रव्य असतं. प्राणवायू आत घेतला, एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, दोघांना जवळ आणलं, की उजेड पडतो. आपले दिवे बरीच शक्ती तापण्यात घालवतात. हा जवळजवळ काहीच घालवत नाही. थंड उजेड."

मग उजेडाचं कारण सांगितलं. नर उडता उडता चमकतो. तो त्याचा प्रश्न. मादी खाली गवताच्या पात्यावर बसून बघते आणि पसंत पडला तर उत्तर देते. उत्तराची चमक कुठल्याही प्रजातीची असो, साधारण सारखीच दिसते. फरक असतो तो मधल्या थांबण्यात. आमच्या डोंगरावरच्या मादीचं उत्तर प्रश्नानंतर बरोबर पाऊण सेकंदाने येतं. अर्ध्या सेकंदाने आलं तर ती दुसऱ्या घरची. सव्वा सेकंदाने आलं तर तीही दुसऱ्या घरची. नर हे कुणाकडून शिकत नाही. जन्मतःच मोजून येतो.

"आणि हे सगळं किती दिवसांत उरकायचं?" मी विचारलं.

"वर्षभर अळी बनून मातीत गोगलगाई खायच्या. पंख फुटले की अकरा-बारा संध्याकाळी. त्यात जेवणसुद्धा नाही."

आमच्याकडची अडचण अशी, की नर ओढ्याकाठच्या मातीतून उठतात आणि दिवस मावळायच्या आत वरच्या अंगाच्या हिरड्याच्या झाडांवर जाऊन बसतात. माद्या खाली ओढ्याच्या गवतातच राहतात. चार वर्षांपूर्वी मधून मोठा रस्ता गेला. सातला रस्त्याचे दिवे लागतात. मग नरांना खाली यायचं तर भर दुपार ओलांडून यावं लागतं, आणि काजवा भर दुपारी कुणाला मागणी घालत नाही. रस्त्याचे दिवे दीड महिना बंद ठेवा असं मॅडमनी लिहून पाहिलं. उत्तर आलं, की काळोख कायदा शोभेच्या रोषणाईला लागू आहे, आणि सदर दिव्यांना कुणीही शोभेचे म्हणू शकणार नाही. हे मात्र खरं होतं.

दर वर्षी काजवे निम्मे होत गेले. त्या साली हिरड्यांवर दोन हजार उरले होते.

"या अकरा संध्याकाळींत हे खाली पोचले नाहीत, तर पुढच्या मेमध्ये मोजायला काही नसेल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

त्यांच्याकडे उपाय होता. रस्त्याखालून पाणी जायला सिमेंटची मोरी आहे, सेहेचाळीस मीटर लांब, वाकून जाण्याएवढी उंच, आत मिट्ट काळोख. तिच्यात ओळीने चौदा 'जबाबी दिवे' लावायचे. दिव्याला एक डोळा आणि एक चिप. नर चमकला की दिवा पाऊण सेकंद थांबून मादीसारखं उत्तर देणार. नर जवळ आला की तो गप्प, आणि पुढचा दिवा उत्तर देणार. असं चौदा वेळा फसून नर खालच्या तोंडाशी पोचला, की तिथून पुढे खऱ्या माद्या.

"थोडक्यात, चौदा मुली दाखवून पंधरावीशी लग्न," मी म्हणालो.

"थोडक्यात, हो."

दिवे मात्र आले नव्हते. ते ऑगस्टमध्ये येणार होते. काजवे जूनच्या दहा तारखेला संपणार होते.

तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, बाबांचे डबे आहेत."

लग्नाच्या माळांचा डबा काय आणि जबाबी दिव्याची चिप काय, दोघांचं काम एकच : केव्हा लागायचं आणि केव्हा विझायचं. मी आईमार्फत विचारलं. बाबा म्हणाले, "त्याचं सील, त्यानंच काढावं." सील काढायला अर्ज लागतो. अर्जदार मी, चौकशी अधिकारी मी. मी स्वतःला दोन अडचणीचे प्रश्न विचारले आणि तरीही परवानगी दिली.

डब्यांतले वरातीचे कार्यक्रम पुसून मी मॅडमनी आणलेले डोळे जोडले आणि त्यांचा पाऊण सेकंद भरला. बाबा ओट्यावरून बघत होते. आईमार्फतसुद्धा एक चूक काढली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिल्या संध्याकाळी साडेसातला आम्ही मोरीत शिरलो. मी छताला डोकं आपटून त्या संध्याकाळचे पहिले काजवे पाहिले. मग खरे आले. वरच्या तोंडाशी एक नर चमकला. पहिल्या दिव्याने पाऊण सेकंद थांबून उत्तर दिलं. मॅडमनी माझा दंड धरला.

आणि मग दिवा दोनदा पटपट चमकला, काहीतरी विसरल्यासारखा थांबला, आणि एकदा लांब चमकला.

नर हवेतच घुटमळला. मग वळून निघून गेला. त्याच्या मागचाही गेला.

"हे शेवटचं काय होतं?"

"सही," मी म्हणालो.

"कुणाची?"

"वडिलांची."

मॅडम मोरीच्या सिमेंटवर खाली बसल्या. "समाधान, काजव्याची मादी सही करत नाही."

साडेनऊपर्यंत पलीकडच्या तोंडाला लावलेल्या यंत्राने बावीस नर मोजले. दोन हजारांत बावीस.

घरी गेलो तर बाबा जेवायला बसलेले. मी आईकडे तोंड करून विचारलं, "आई, सगळं पुसलं तरी सही कशी राहिली?"

बाबा आमटीत भाकर चुरत म्हणाले, "मंदे, त्याला सांग, डबे चोरीला जातात. नळवाड्याचा तो तुळशीदास दोन डबे उचलून घेऊन गेला होता. भर वरातीत माझी सही पडली आणि पकडला गेला. सही कार्यक्रमात नाही. चिपेत आहे."

"मग काढायची कशी, विचार."

"निघत नाही."

"असं कसं निघत नाही?"

"एका पार्टीनं म्हटलं होतं, सही काढून टाका, मुलीकडच्यांना वाटतं लायटिंग बिघडलंय. मी हो म्हणणारच होतो," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी जाऊन ती अशी बसवून घेतली की मलाच काढता येऊ नये."

बाबांनी आमटी ओढली आणि विचारलं, "किती गेले?"

आई म्हणाली, "कोण?"

"तुझ्या अंधाराला विचार. माझी सही बघून किती गेले?"

"बावीस," मी म्हणालो. "दोन हजारांत."

मला वाटलं त्यांचं तोंड उतरेल. बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे बावीस जणांना कळलं," ते म्हणाले.

मग हात धुऊन ते उठले. "मंदे, त्याला म्हणावं रंग कुठला टाकलाय?"

"काजव्याचाच. पिवळट हिरवा. मॅडमनी मोजून दिलाय."

"त्या दिव्यात पिवळट हिरवा नसतोच. त्यात लाल आणि हिरवा शेजारी उभे करतात आणि माणसाला ते पिवळट दिसतं. माणूस फसतो. किडा कशाला फसेल?"

हे मला इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, पण असं आमटी खाऊन नाही.

बाबांनी माळ्यावरून एक पोतं काढलं. आत पोपटी माळा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकेका रंगाचे सुटे एलईडी मिळायचे तेव्हाच्या. पुढे एकाच दिव्यात सगळे रंग आले आणि हा रंग कुणी बनवेना. बाबांनी टाकला नव्हता. सकाळी मॅडमनी एक दिवा यंत्राखाली धरला, आकडा वाचला, आणि नेहमीच्या आवाजात इतक्या जोराने ओरडल्या की ओट्यावरची कोंबडी उडाली. हिरड्यावरच्या काजव्याचा उजेड आणि पोतडीतला पोपटी एकमेकांपासून वेगळे काढता येत नव्हते.

दुसऱ्या संध्याकाळी बाबा स्वतः मोरीत आले. डोक्याला टॉवेल, तोंडात वायर. चौदाही दिवे त्यांनी बदलले, उंची बदलली, एक दिवा उलटा केला. "मॅडम, तुमच्या सहायकाला सांगा, वायर वर धर." मी त्यांच्यापासून हातभर लांब होतो. "मॅडम, त्याला सांगा, अजून वर."

साडेसातला पहिला नर आला. उत्तर गेलं. मागोमाग सही पडली. नर घुटमळला. बाबांनी श्वास धरला. मी त्यांना मांडवात असं कधी पाहिलं नव्हतं. मांडवात ते खुर्चीवर बसून लोकांना हाका मारायचे.

नर वळला नाही. पुढे सरकला. दुसरा दिवा, दुसरी सही. तिसरा. थोड्या वेळाने मोरीच्या काळोखातून ठिपक्यांची एक ओळ चालू लागली. ठिपके पुढे जात, थांबत, पुन्हा पुढे जात. लग्नातल्या मंडळींनी जेवणाच्या वाटेवर ओळखीच्या माणसाशी बोलायला थांबावं तसं.

"तीनशे चाळीस," मॅडम म्हणाल्या.

"काल तर बावीसच होते," बाबा म्हणाले. "बोलबाला झाला वाटतं."

अकरा संध्याकाळींत नऊशेच्या वर नर खाली उतरले. निम्म्यांहून जास्त सही बघून परतले, ते मेले. त्यांच्याबद्दल बाबा बोलत नसत. मॅडम मात्र वहीत रोज त्यांचाही आकडा लिहायच्या.

पुढच्या वर्षी हिरड्यांवर साडेतीन हजार निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी सात हजार. कायद्याच्या हद्दीत उन्हाळ्याची परवानगी असलेलं एकमेव लायटिंग आता मोरीत होतं. बाबांनी मोरीच्या तोंडावर खडूने 'म्हसोबा लायटिंग' लिहिलं. मी नियमाप्रमाणे पुसलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. हाच आमचा सरळ व्यवहार.

ऑगस्टमध्ये येणारे सरकारी दिवे त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात आले. उत्तम दिवे होते. रंग अचूक, पाऊण सेकंद अचूक, सही नाही. उद्घाटनाला पाहुणे आले. बाबांचे डबे काढून पोत्यात भरले आणि पोतं मी उचललं. बाबा लांब करवंदीच्या जाळीशी उभे राहिले. पाहुण्यांनी बटण दाबलं. हिरड्यांवर नऊ हजार काजवे होते. तासाभरात मोरीतून सात गेले.

पाहुण्यांनी त्या सातांनाही हात जोडले आणि निघून गेले.

"असं कसं?" मॅडम ओरडत होत्या. "या दिव्यांत चूक नाहीये! दोन्ही आकडे बरोबर आहेत!" मग एकदम कॅमेरा घेऊन खाली ओढ्याच्या गवतात शिरल्या. अर्ध्या तासाने आल्या तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता.

"समाधान, मोरी ही चाळणी होती," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी सही सगळ्या नरांना चालली नाही. ज्यांना चालली, तेच खाली पोचले. खाली माद्यांत थोडाफार फरक असतोच; कुणाची चमक एकसंध, कुणाची जरा तुटक. अडखळ चालणारे नर तुटक चमकणाऱ्यांकडेच गेले. त्यांची पोरं पुढच्या वर्षी उडाली. पुन्हा चाळणी. तीन वर्षं आपण हेच करतोय. आता या डोंगरावर जो नर जन्मतो, तो मोजून येतो पाऊण सेकंद, आणि त्यानंतर..."

"सही," मी म्हणालो.

"सही नसलेली मादी त्याला दुसऱ्या घरची वाटते."

मी पोतं खाली ठेवलं.

"मी हे सगळं लिहिणार आहे," मॅडम म्हणाल्या. "आपण त्यांना वाचवलं आणि आपण त्यांना बदललं. पहिलं लिहायचं आणि दुसरं गाळायचं, असं होणार नाही."

"लिहा. फक्त स्पेलिंग मला विचारा. धिंदळे लोक चुकीचं लिहितात."

दिवे बदलायला वीस मिनिटं लागली. बाबा करवंदीच्या जाळीतून आले, पोतं उघडलं, आणि कुणी न सांगता पोपटी दिवे जागच्या जागी लावू लागले. मी वायर धरली. या वेळी अजून वर धरायला कुणी सांगितलं नाही. मी आधीच वर धरली होती. शेवटची पिन बसली आणि मोरीतून काजवे असे सुटले, की आम्हाला कडेला सरकून वाट द्यावी लागली.

मग मी बाबांना खाली ओढ्याकडे घेऊन गेलो. का नेतोय ते सांगितलं नाही. सापांची वेळ, म्हणून मी बॅटरी लावून पुढे आणि ते मागे. गवताच्या कडेला आलो तेव्हा मी बॅटरी खाली वळवली.

"बघा," मी म्हणालो. सरळ त्यांनाच म्हणालो.

एक नर वरून चमकत गेला. गवतातून, आमच्या पायांपासून चार हातांवर, उत्तर आलं. आणि मग त्या पात्यावर बसलेला, तांदळाच्या दाण्याएवढा जीव दोनदा पटपट चमकला, काहीतरी विसरल्यासारखा थांबला, आणि एकदा लांब चमकला.

बाबा उकिडवे बसले. दुसरीने केली. मग ओढ्याच्या पलीकडून तिसरीने. मग उताराने खाली दिसेल तिथवर, ज्या डोंगरावर पाच वर्षं आम्ही मांडवाला एकही माळ लावू दिली नव्हती त्या सगळ्या डोंगरावर, झिजलेल्या एका तांब्याच्या पट्टीची चूक गवतागवतातून होत राहिली. चाळीस गावांतून दिसली असती.

मला लहानपणी जिची लाज वाटायची ती हीच का, हे मी दोनदा तपासून पाहिलं. हीच.

मग बाबा धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याचं काम बघावं तसं डोकं एका बाजूला कलतं करून म्हणाले, "मधला गॅप जरा जास्त पडतोय."

"हो. थोडासा."

"पण नवीन आहेत. बसेल हात." त्यांनी गालावरून टॉवेल फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "समा."

पाच वर्षांनी. मधे आई नाही, मॅडम नाही.

"काय बाबा?"

"ती बॅटरी बंद कर."

चाळीस गावं उजळणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दिवा घालवायला सांगितला. मी घालवला. सरकारी सेवेत इतका चोख अंधार मी त्याआधी केला नव्हता, आणि नंतरही केलेला नाही.